ब्लू रिजच्या डोंगरात चुकलेला हंगाम

उत्तर कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात हरणाच्या शिकारीचा हंगाम एका दिवसात उघडत नाही. सप्टेंबरच्या आरंभी तो धनुष्यबाणासाठी खुला होतो, महिनाअखेरीस ठासणीच्या बंदुकीची पाळी येते, ऑक्टोबरच्या मध्यावर अस्वलाच्या शिकारीला परवानगी मिळते आणि नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, आधुनिक रायफल घेऊन अरण्यात शिरण्याची मुभा होते. हा क्रम तेथील कुटुंबांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, कारखान्यातील रजा, पाहुण्यांचे येणेजाणे आणि लाकूडफाट्याची बेगमी यांची आखणी त्याला अनुसरून होते. २०२४ साली ठासणीच्या बंदुकीचा हंगाम सोमवार, ३० सप्टेंबर रोजी सुरू व्हायचा होता. त्याच्या आधीच्या शुक्रवारी, २७ तारखेच्या सकाळी, हेलीन नावाच्या चक्रीवादळाने या डोंगरांवर जो पाऊस ओतला, त्याने नद्यांची पात्रे बदलली, गावे बुडवली, घाटातला महामार्ग अर्धा कापून नेला, आणि ज्या अरण्यात तीन दिवसांनी माणसे जाणार होती त्या अरण्याच्या वाटाच नाहीशा केल्या.

अमेरिकेत ज्या आपत्तीने सुमारे अडीचशे माणसांचा बळी घेतला, आणि त्यांपैकी शंभराहून अधिक एकट्या उत्तर कॅरोलायनात गेली, तिच्या संदर्भात शिकारीच्या हंगामाची गोष्ट काढावी, हे कोणाला अनुचित वाटेल. त्यातून आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई झाल्याला आता अर्धशतक उलटून गेले. तेव्हा शिकार म्हटली की मराठी वाचकाच्या मनासमोर एक तर संस्थानिकांचे मचाण आणि हाकारे येतात, नाही तर चोरट्या मार्गाने चाललेला निंद्य व्यवहार येतो. ॲपलाचियन डोंगरांतली शिकार या दोहोंपैकी काहीच नाही. ती परवान्याने बांधलेली, तारखांनी आखलेली, मारलेल्या प्रत्येक मोठ्या जनावराची नोंद सरकारी दप्तरात करावयास लावणारी आणि बहुतांशी गरीब व मध्यम स्थितीतील माणसांच्या हिवाळ्याच्या अन्नाशी निगडित असलेली वहिवाट आहे. पुराने घरे किती पाडली हे मोजता येते, आणि ते मोजले गेले. परंतु एखाद्या समाजाचे वर्ष ज्या दोरीत ओवलेले असते ती दोरी तुटली म्हणजे काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर या चुकलेल्या हंगामाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नाही, असे मला वाटते.

समुद्रापासून शेकडो मैल दूर, दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेल्या या प्रदेशाला चक्रीवादळाची बाधा व्हावी, हेच प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. हेलीन २६ सप्टेंबरच्या रात्री फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर, पेरी या गावाजवळ, ताशी सुमारे १४० मैलांच्या वाऱ्यानिशी धडकले, आणि जॉर्जियातील पेकनच्या बागा व कापसाची शेते मोडीत उत्तरेकडे वेगाने निघाले. पण डोंगरांचे संकट त्याच्या आगमनापूर्वीच सुरू झाले होते. २५ तारखेपासून या भागावर एक वायुसीमा अडून राहिली होती, वादळाच्या पुढे धावणारी समुद्राकडची दमट हवा तिच्यावर चढत होती, आणि प्रत्यक्ष वादळ पोहोचण्याआधीच जमीन पाण्याने तृप्त होऊन तिची शोषण्याची ताकद संपली होती. वर ब्लू रिजचा कडा. दमट वारा त्याला अडखळून उंच चढला की थंड होतो आणि आपले सर्व पाणी तेथेच टाकतो, हे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला समजावून सांगण्याचे कारण नाही. यान्सी परगण्यातील ब्यूसिक येथे तीन दिवसांत ३०.७८ इंच पाऊस नोंदला गेला. अ‍ॅशव्हिलच्या विमानतळावर त्याच अवधीत सुमारे १४ इंच पडला. हवामानखात्याच्या स्थानिक कचेरीने २६ तारखेलाच निर्वाणीच्या भाषेत इशारा दिला होता, आणि येणाऱ्या पुराची तुलना १९१६ च्या महापुराशी केली होती.

१९१६ चा उल्लेख या डोंगरांत आजही केला जातो. त्या वर्षीच्या जुलैत दोन वादळे पाठोपाठ येऊन अल्टापास येथे चोवीस तासांत २२.२२ इंच पाऊस झाला होता, आणि सुमारे ऐंशी माणसे दगावली होती. शंभर वर्षे तीच या खोऱ्यांची परिसीमा मानली गेली. पुलांच्या खांबांची उंची, जुन्या गिरण्यांच्या भिंतींवर कोरलेल्या पूररेषा आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी सगळे त्या आकड्याशी बांधलेले होते. हेलीनने तो ओलांडला. अ‍ॅशव्हिल येथे फ्रेंच ब्रॉड नदी २४.६७ फुटांवर पोहोचली, १९१६ च्या पातळीहून दीड फूट वर. आणि तिला मिळणारी स्वानानोआ ही तुलनेने लहानशी नदी बिल्टमोरजवळ २६ फुटांवर गेली, जी जुन्या विक्रमाहून पाच फुटांनी अधिक होती. जी नदी एरवी लोक गुडघाभर पाण्यात उतरून ओलांडतात, ती एका सकाळी दुमजली घराच्या छपराला लागते, तेव्हा पूर्वानुभव हाच माणसाचा शत्रू ठरतो. कारण १९१६ ला न बुडालेल्या जागेला सुरक्षित समजून कित्येकजण तेथेच थांबले.

पाण्याबरोबर डोंगरही खाली आला. दोन हजारांहून अधिक दरडी कोसळल्याची नोंद भूशास्त्रज्ञांनी पुढे केली. फेअरव्ह्यू परिसरातील एका दरीत एकाच कुळातील अकरा माणसे दरडीखाली गेली. चिम्नी रॉक हे नदीकाठचे पर्यटनाचे गाव अर्धेअधिक वाहून गेले आणि त्याचा लाकूडफाटा खालच्या लेक ल्यूरवर जाडजूड तराफ्यासारखा पसरला. टेनेसीच्या बाजूला, अर्विन येथे, नोलिचकी नदीने वेढलेल्या रुग्णालयाच्या छपरावरून पन्नासाहून अधिक रुग्ण आणि कर्मचारी यांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. टेनेसीला जोडणारा चाळीस क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग पिजन नदीच्या घळईत तुटला, तो १ मार्च २०२५ रोजी कसाबसा, दोन्ही दिशांना एकेक मार्गिका एवढाच, खुला झाला. अ‍ॅशव्हिल शहराला पाणी पुरविणारे नॉर्थ फोर्क जलाशयाचे नळ २००४ च्या पुरांत तुटले होते म्हणून त्यांना पर्यायी अशी मोठी वाहिनी खोल जमिनीखालून नेली होती. तीही उखडली गेली. जलाशयातील गाळ खाली बसेना, आणि नळाचे पाणी पिण्यास योग्य असल्याचा निर्वाळा १८ नोव्हेंबरला, म्हणजे त्रेपन्नाव्या दिवशी, मिळाला. वीज नाही, दूरध्वनी नाही, मोबाइलचे मनोरे मुके. या काळात माउंट मिचेलच्या शिखरावरील हौशी रेडिओचालकांचे एक पुनःक्षेपण केंद्र चालू राहिले, आणि कोण जिवंत आहे, कोणत्या दरीत औषध हवे आहे, कोणता रस्ता मोकळा झाला, या खबरी डोंगरभर त्या एका वाटेने फिरत राहिल्या.

ज्या अरण्याविषयी आपण बोलत आहोत ते मुळात पूर रोखण्यासाठीच राखलेले आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या डोंगरांवरील वृक्ष लाकूड कंपन्यांनी सपाट केले होते, ओढे गाळाने भरले होते आणि खालच्या शहरांना पुराचा वारंवार तडाखा बसत होता. तेव्हा नौकानयनास योग्य अशा नद्यांच्या उगमाचे रक्षण करण्यासाठी संघसरकारने खासगी जमिनी विकत घ्याव्यात, असा कायदा १९११ साली झाला, तो वीक्स कायदा या नावाने प्रसिद्ध आहे. जॉर्ज व्हँडरबिल्ट या धनाढ्य गृहस्थाने बिल्टमोरच्या आपल्या हवेलीमागे हजारो एकरांचे डोंगर घेऊन ठेवले होते, आणि तेथे कार्ल शेंक या जर्मन वनतज्ज्ञाने १८९८ मध्ये अमेरिकेतील वनशास्त्राची पहिली शाळा काढली होती. व्हँडरबिल्टच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १९१४ साली सुमारे ८६,७०० एकर जमीन सरकारला विकली, आणि महापुराच्याच वर्षी, १९१६ च्या ऑक्टोबरात, पिस्गा राष्ट्रीय अरण्याची स्थापना झाली. पिस्गा आणि त्याच्या नैर्ऋत्येचे नँटाहेला ही दोन्ही मिळून आज दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र व्यापतात. लाकूडतोडीने आणि बेबंद शिकारीने ज्या राज्यात १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे अवघी दहा हजारांच्या आसपास उरली होती, तेथे आज ती दहा लाखांच्या घरात आहेत. आणि या पुनरुज्जीवनाचा बराचसा खर्च शिकाऱ्यांनीच सोसला आहे, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही. परवान्याची फी राज्याच्या वन्यजीव आयोगाकडे जाते. शिवाय १९३७ च्या पिटमन–रॉबर्ट्सन कायद्यान्वये रायफली व काडतुसांवर शेकडा अकरा या दराने जो संघीय अबकारी कर बसतो, तो वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राज्यांना वाटला जातो, आणि या वाटपात राज्याच्या क्षेत्रफळाबरोबर परवानाधारकांची संख्याही धरली जाते. म्हणजे हंगाम बुडाला आणि परवाने घेणाऱ्यांची संख्या घटली, तर त्याचा परिणाम अरण्याच्या व्यवस्थेसाठी येणाऱ्या पैशावरही यथाकाल होऊ शकतो.

तथापि डोंगरातल्या सामान्य कुटुंबाला या कायद्यांपेक्षा घरातल्या डीप फ्रीजरशी अधिक कर्तव्य असते. लांबट पेटीच्या आकाराचा, वरून झाकण उघडणारा हा फ्रीजर मागच्या दारी किंवा तळघरात ठेवलेला असतो. त्यात गेल्या हंगामातील हरणाचे मांस कसायाच्या पांढऱ्या कागदात बांधून रचलेले असते, आणि प्रत्येक पुडीवर जाड शाईने भाग व साल लिहिलेले असते: मांडीचे तुकडे भाजण्यासाठी, पाठकण्यालगतचा मऊ भाग पाहुण्यांसाठी, बाकीच्याचा खिमा, आणि थोड्या मांसात डुकराची चरबी घालून केलेले सॉसेज. एक बऱ्यापैकी हरीण चाळीस-पन्नास पौंड मांस देते. दुकानातल्या गोमांसाचे भाव ज्यांना परवडत नाहीत अशा घरात दोन हरणे म्हणजे हिवाळ्याची निश्चिंती. सप्टेंबरच्या अखेरीस ही पेटी तळाशी आलेली असते, नवा हंगाम तोंडावर असतो, आणि जे उरले आहे ते संपवून जागा करण्याची लगबग चाललेली असते. अशा वेळी वीज गेली, आणि ती काही ठिकाणी काही दिवस, काही ठिकाणी कित्येक आठवडे आली नाही. डोंगरातील बहुतेक घरांचे पाणी विहिरीवरच्या पंपाने येते. म्हणून वीज गेली की पाणीही गेले, आणि पुडीतून वितळून वाहणारे रक्त धुवायलाही बादलीभर ओढ्याचे पाणी आणावे लागले. पुष्कळ ठिकाणी लोकांनी अंगणात चुली मांडल्या, आळीतल्या सगळ्या फ्रीजरांतले मांस एकत्र आणून शिजवले, आणि ज्याच्याकडे काहीच नव्हते त्यालाही पानावर बसवले. संघराज्याच्या आपत्ती खात्याने निकडीच्या गरजांसाठी प्रत्येक पात्र कुटुंबास सुरुवातीला साडेसातशे डॉलर देऊ केले, ते अन्न, पाणी, दूध, औषध या सर्वांसाठी होते. घराच्या आणि पुराच्या विम्याचे दावे पुढची बाब होती, आणि पूरविमा तर या अंतर्भागातील शेकडा एका घरानेदेखील घेतलेला नव्हता. त्या गेलेल्या मांसाचे आणि न मिळालेल्या नव्या मांसाचे मोल कोणत्या रकान्यात लिहायचे? राज्याने एकूण हानीचा अंदाज ५९.६ अब्ज डॉलर असा बांधला, त्यात घरे, रस्ते, शेती, व्यापार सर्वांची गणना आहे. वहिवाटीने मिळणाऱ्या अन्नासाठी मात्र अशा हिशेबात स्वतंत्र खाते नसते.

अरण्य बंद करण्याचा हुकूम वनखात्याने तातडीने काढला. पिस्गा आणि नँटाहेला दोन्ही प्रथम संपूर्ण बंद झाली. नँटाहेलाचा पश्चिम भाग कमी बाधित झाला असल्याने तेथील मनाई लवकर शिथिल झाली, परंतु पिस्गातील ॲपलाचियन आणि ग्रँडफादर या विभागांचे रस्ते, पूल, पायवाटा इतक्या निकामी झाल्या होत्या की तेथील बंदी लांबत गेली. आखलेले बेत असे एकामागून एक ढासळले. ठासणीच्या बंदुकीचा हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा, तो तर ढिगारे उपसण्यात आणि माणसे शोधण्यातच गेला. अस्वलाचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यावर कागदोपत्री उघडला, पण ज्या दरीत शिकाऱ्यांची एकेक टोळी पिढ्यान्‌पिढ्या कुत्री सोडत आली होती त्या दरीचा वनरस्ताच दरडीने गिळला होता. बाहेरगावचे शिकारी ज्यांच्याकडे उतरत ते छोटे खाणावळवाले, मार्गदर्शक, मांस कापून बांधून देणारे कसाई, दारूगोळा विकणारी दुकाने या सगळ्यांचा वर्षाचा गल्ला याच दहा आठवड्यांत जमतो, आणि त्याच काळात पानगळीचे रंग पाहायला येणारा पर्यटकही येईनासा झाला. खासगी जमिनीवर शिकार करता येत होती. परंतु तेथे पोहोचायचे कसे हा प्रश्न होता, कारण ओढ्यावर दोन लोखंडी तुळया टाकून आणि वर फळ्या ठोकून केलेले जे हजारो खासगी पूल या डोंगरांत आहेत, त्यांची जबाबदारी राज्याच्या रस्तेखात्याकडे नसते, आणि त्यांपैकी असंख्य त्या एका सकाळी गेले.

बंदीविषयी कुरकुर झाली, हे स्वाभाविक आहे. माझ्या मते हुकूम न्याय्य होता. उभे दिसणारे झाड मुळाशी सुटलेले असते, दरडीच्या वरची माती आणखी एका पावसाची वाट पाहत असते, आणि बचावपथकांनी बेपत्ता माणसांचा शोध घ्यावा की वाट चुकलेल्या शिकाऱ्याचा, असा पेच कोणत्याही खात्यावर येऊ देऊ नये. परंतु हुकूम न्याय्य असला म्हणजे ज्यांच्यावर तो लागू होतो त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज संपत नाही. आणि या प्रसंगी तर ते ऐकण्याचे विशेष कारण होते.

ते कारण असे की, सरकारी मदत पोहोचण्यापूर्वीचे पहिले दिवस या डोंगरांनी जे निभावले, ते मुख्यत्वे शिकारीच्या तयारीवर निभावले. अस्वलाच्या शिकाऱ्याच्या गाडीत काय असते? यंत्रकरवत, तिचे तेल, साखळदंड, ओढदोर, डोक्याला बांधायचा दिवा, हातातला रेडिओ, चार चाकांची उघडी रानगाडी आणि कुत्र्यांच्या गळ्यातील पट्ट्याचा ठावठिकाणा दाखविणारे यंत्र. त्याला प्रत्येक खिंड, प्रत्येक जुनी लाकूडवाट, कोणत्या ओढ्याच्या वरून फिरून पलीकडच्या वस्तीला जाता येते, हे नकाशावाचून ठाऊक असते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हा सरंजाम घासूनपुसून, इंधन भरून, अंगणात सज्ज उभा होता. रस्ते तुटल्यावर शेजाऱ्यांनी याच करवतींनी आडवी झाडे कापली, याच रानगाड्यांवर म्हाताऱ्यांना आणि प्राणवायूच्या नळकांड्यांना वाहून नेले; जेथे चाके जाईनात तेथे खेचरांच्या पाठीवर इन्सुलिन, पाणी, बालकांचे दूध गेले. वन्यजीव आयोगाचे अधिकारी, ज्यांनी त्या सोमवारी परवाने तपासत फिरायचे होते, ते बचावाच्या होड्या घेऊन नद्यांत उतरले. शिकारीचा हंगाम ही या समाजाची वार्षिक कवायतच आहे, हे त्या आठवड्यात दिसून आले. आणि राज्याने आपत्तीची आगाऊ तजवीज करताना ही कवायत हिशेबात धरावी, परवानाधारकांच्या स्थानिक संघांशी रेडिओच्या लहरी आणि रस्त्यांची माहिती आधीच ठरवून ठेवावी, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

या कवायतीत एक साथीदार असा आहे की त्याचा निर्देश केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास प्लॉट नावाचे जर्मन कुटुंब आपली रानडुकरांमागे धावणारी कुत्री घेऊन या वसाहतीत आले, आणि त्यांच्या वंशजांनी हेवूड परगण्याच्या डोंगरांत त्या कुत्र्यांची अस्वलासाठी पैदास केली. तपकिरी अंगावर वाघासारखे काळे पट्टे, रुंद छाती आणि दोन दऱ्यांपलीकडे ऐकू जाणारा घोगरा आवाज असलेली ही जात १९८९ पासून उत्तर कॅरोलायनाचे राज्यश्वान आहे. ही कुत्री हंगामाच्या आधी महिनोन्‌महिने पळवून तयार करावी लागतात, आणि एक हंगाम अरण्य न मिळाले तर कोवळ्या कुत्र्याचे शिक्षण हुकते, कारण ते जुन्या कुत्र्यांच्या मागे प्रत्यक्ष धावूनच शिकते.

जनावरांचे काय झाले? डोंगरातला पूर भयंकर वेगाने येतो, तसाच तो लवकर ओसरतो. हरणे आणि अस्वले उतार चढून वर जातात, म्हणून त्यांची हानी त्या मानाने मर्यादित राहिली असावी. मासे मात्र सुटले नाहीत: मॅकडॉवेल परगण्यातील आर्मस्ट्राँग येथील राज्याचे ट्राउटचे मत्स्यबीज केंद्र पुराने उद्ध्वस्त केले. सखल किनारपट्टीत याच्या उलट घडते. तेथे पाणी आठवडेच्या आठवडे हलत नाही, हरणे उंचवट्यांच्या चिंचोळ्या पट्ट्यांवर दाटीवाटीने उभी राहतात, आणि अशा अगतिक जनावरावर बंदूक उचलणे हे शिकाऱ्याच्या धर्मातही बसत नाही; म्हणूनच २०१८ च्या फ्लॉरेन्स वादळानंतर दक्षिण कॅरोलायनाने पी डी नदीच्या खोऱ्यातील पूरग्रस्त भागांत शिकार तात्पुरती बंद केली होती. तेथे बंदी जनावरासाठी होती. पिस्गात ती माणसासाठी होती.

परंतु हेलीनचा खरा घाव जनावरांच्या अंगावर नाही, त्यांच्या अन्नावर आहे. राज्याच्या वनसेवेने बाधित इमारती लाकडाचे क्षेत्र सुमारे ८,२२,००० एकर असे नोंदले. डोंगरमाथ्यांवरून सुटलेल्या वाऱ्याने, भिजून भुसभुशीत झालेल्या मातीतून, शतायुषी ओक मुळांसकट उपटून काढले. अस्वल हिवाळ्यापूर्वी जी चरबी साठवते, हरीण नोव्हेंबरात ज्यावर जगते, ती ओकाची कठीण कवचाची फळे. आणि पांढरा ओक साधारण वीस वर्षांचा झाल्याशिवाय फळ धरत नाही व भरघोस फळायला त्याला पन्नास वर्षे लागतात. निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या ज्यांनी २०२० च्या जूनमध्ये आडव्या झालेल्या पाहिल्या आहेत, त्यांना या हिशेबाची जाणीव वेगळी करून द्यावी लागणार नाही. दुसऱ्या बाजूने, आकाश मोकळे झालेल्या या जागांत आता ब्लॅकबेरीची जाळी, कोवळे फुटवे आणि दाट झुडपे माजतील. ती हरणाला आवडतात, आणि ग्राउज नावाचा जो रानकोंबड्यासारखा पक्षी जुन्या अरण्यात दुर्मीळ झाला आहे त्याला तर अशाच झुडपांची गरज असते. त्यामुळे शिकाऱ्यांतही एकमत नाही. पडलेले लाकूड विकून टाकावे, रस्ते त्या निमित्ताने दुरुस्त व्हावेत, असे काहीजण म्हणतात. अवजड यंत्रे ओल्या उतारांवर फिरवली तर उरलेली मातीही ओढ्यात जाईल, असे पर्यावरणवादी म्हणतात, आणि वीक्स कायद्याचा मूळ उद्देश ध्यानात घेता मला त्यांचे म्हणणे अधिक पटते. लाकूड तसेच राहू देण्यातही जोखीम आहे. २०२५ च्या मार्चमध्ये पोक आणि हेंडरसन परगण्यांत ज्या आगी भडकल्या, त्यांना हेलीनने पाडलेल्या, सहा महिने वाळलेल्या झाडांचेच सरपण मिळाले, आणि त्याच झाडांनी अडविलेल्या वाटांमुळे अग्निशामकांची कुचंबणा झाली.

ओक कमी झालेल्या डोंगरातले अस्वल अन्नासाठी दूर भटकते, कधी अ‍ॅशव्हिलच्या परसांत कचऱ्याच्या पिंपापर्यंत येते, कधी शेजारच्या परगण्यातील शाबूत ओकांखाली जाते. आयोगाचे जीवशास्त्रज्ञ दरवर्षी या फळांची पाहणी करतात, आणि पुढील काही वर्षे त्यांच्या तक्त्यांत हे स्थलांतर उमटत राहील. ज्यांची दरी उघडी पडली त्या टोळ्यांनाही आपली कुत्री घेऊन अस्वलांच्या मागे जावे लागेल. पण त्या शाबूत दऱ्यांत दुसऱ्या टोळ्यांची जुनी वहिवाट आहे. राष्ट्रीय अरण्य सर्वांचे असल्याने कायद्याच्या दृष्टीने ती वहिवाट कोणाच्याही मालकीची नाही, आणि डोंगराच्या रीतीने मात्र ती अगदी पक्की आहे: कोणी कोणत्या खिंडीत उभे राहायचे, कोणाची कुत्री कोणत्या ओढ्यावरून सोडायची, हे बापजाद्यांपासून ठरलेले आहे. या नव्या वाटणीचा निवाडा वनखाते करणार नाही, आयोगही करणार नाही. तो दोन्ही टोळ्यांच्या जाणत्यांनी हंगामापूर्वी एकत्र बसून, या साली कोणी कोणाला आपल्या दरीत घ्यायचे हे ठरवूनच करावा लागेल.